जंतू शेतातून आला नव्हता

‘गोळ्यांचा कोर्स पूर्ण करा’ हे वाक्य मला हल्ली ऐकवत नाही. वाक्यात चूक काही नाही, सांगणाऱ्याचा हेतूही चांगला असतो. पण दवाखान्यात कुणी औषधाला न जुमानणाऱ्या जंतूंनी दगावलं की पाठोपाठ हे वाक्य येतंच. पेपरात येतं, पोस्टरवर येतं, डॉक्टरांच्या तोंडून येतं. आता आपल्या घरातली शिकलेली मंडळीही तेच म्हणायला लागली आहेत. म्हणजे दोष कोणाचा? तर कळमनुरीच्या नाहीतर सेनगावच्या त्या माणसाचा, ज्याने पाच दिवसांच्या गोळ्या तीन दिवसांत सोडून दिल्या!

माझं म्हणणं सरळ आहे. दवाखान्यात लागणाऱ्या अशा इन्फेक्शनमध्ये सगळ्यात कमी दोष रोग्याचा असतो. हे जंतू दवाखान्यात पोसले जातात, दवाखान्यात एकमेकांना शहाणं करतात आणि दवाखान्यातल्या हातांवर बसून एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जातात. त्यांना अडवायचं तर तिथेच अडवावं लागेल, आणि त्याची सुरुवात त्यांचा हिशेब लोकांसमोर मांडण्यापासून होते. (कुणी गोळ्या मध्येच सोडाव्यात असं मी म्हणत नाहीये. टीबीच्या तर मुळीच नाही. हे आधीच सांगून ठेवतो, नाहीतर उद्या आत्याचा फोन यायचा.)

मी डॉक्टर नाही. पण मामांचं झालं तेव्हापासून या विषयावर हाती लागेल ते वाचत आलोय, आणि मायक्रोबायॉलॉजी शिकवणाऱ्या एका मित्राचं भरपूर डोकं खाल्लंय.

मामांचं काय झालं ते नातेवाइकांना ठाऊक आहे, बाकीच्यांसाठी थोडक्यात. पाय घसरून पडले, खुब्याचं हाड मोडलं. आपल्याकडून ‘मोठ्या शहरात न्या’ म्हणाले म्हणून एका मोठ्या शहरातल्या खाजगी दवाखान्यात नेलं. ऑपरेशन चांगलं झालं. पाचव्या दिवशी थंडी वाजून ताप आला. मग ‘हायर’ अँटिबायोटिक. दोन दिवसांनी त्याच्याहून ‘हायर’. रक्त कल्चरला गेलं नवव्या दिवशी! रिपोर्ट आला तेव्हा त्यावर क्लेब्सिएला नावाचा जंतू होता आणि खाली औषधांची लांबलचक यादी. जवळजवळ प्रत्येक नावापुढे एकच शेरा, रेझिस्टंट. शेवटी कोलिस्टिन सुरू केलं, त्याने किडनीवर ताण आला, आणि एकविसाव्या दिवशी मामा गेले. तिथल्या एका तरुण डॉक्टरने आम्हाला समजावलं, “तुमच्याकडचे लोक मेडिकलवरून वाटेल त्या गोळ्या घेऊन खातात ना, त्याचा हा परिणाम.” मामा डोकं दुखलं तरी गोळी घ्यायचे नाहीत. मृत्यूच्या दाखल्यावर कारण लिहिलं होतं, ‘कार्डिओ-रेस्पिरेटरी अरेस्ट’. म्हणजे हृदय आणि श्वास थांबला. अहो, तो तर प्रत्येकाचाच थांबतो!

असो. आता त्या तरुण डॉक्टरच्या वाक्याकडे येऊ. ते खरं आहे की नाही हे जंतूंच्या कारभाराकडे पाहिलं की कळतं.

औषधाला चकवायच्या जंतूंकडे मुख्यतः चार युक्त्या आहेत. पहिली, औषध तोडून टाकायचं. बीटा-लॅक्टमेज नावाची विकरं पेनिसिलिनच्या कुळातल्या औषधांचं कडं फोडतात, की औषध निकामी. दुसरी, दार बंद करायचं. क्लेब्सिएला, स्यूडोमोनास अशा जंतूंच्या बाहेरच्या आवरणात बारीक छिद्रं असतात, त्यांतून औषध आत शिरतं. जंतू ही छिद्रंच कमी करतो. तिसरी, आत आलेलं औषध पंपाने बाहेर फेकायचं. विहिरीत पाणी येतंय आणि मोटर सतत चालू आहे, तसं. चौथी, औषध जिथे जाऊन चिकटतं ती जागाच बदलायची. कुलूप बदललं की जुनी किल्ली काय कामाची? एमआरएसए नावाचा जो बदनाम जंतू आहे, तो हेच करतो.

यात रोग्याच्या अर्धवट कोर्सचा वाटा किती? दोन तारखा बघा. पेनिसिलिन बाजारात येण्याआधीच, १९४० साली, ऑक्सफर्डच्या अब्राहम आणि चेन यांनी ते तोडणारं विकर जंतूंमध्ये सापडल्याचं प्रसिद्ध केलं होतं. तेव्हा कोणत्या शेतकऱ्याचा कोर्स अर्धवट राहिला होता? दुसरी तारीख: मेथिसिलिन हे औषध १९५९ साली वापरात आलं आणि १९६१ मध्ये त्याला दाद न देणारे जंतू ब्रिटनमधल्या दवाखान्यात सापडले. ब्रिटनमध्ये, दवाखान्यात! आपल्या मेडिकलवाल्याचा जन्मही झाला नव्हता.

पण या चार युक्त्यांपेक्षा महत्त्वाची गोष्ट वेगळीच आहे. एका जंतूला जमलेली युक्ती दुसऱ्याला मिळते कशी? त्याचं उत्तर म्हणजे प्लाझमिड, जंतूच्या पेशीतलं जनुकांचं एक छोटं सुटं कडं. दोन जंतू शेजारी आले की एकजण आपल्या प्लाझमिडची नक्कल दुसऱ्याला देतो. दुसरा त्याच जातीचा असावा असंही नाही, क्लेब्सिएला ई. कोलायलाही देतो. आपल्या मराठवाड्यात हे समजवायला उदाहरण शोधावं लागत नाही. परीक्षेच्या हॉलमध्ये पुढच्या बाकावरून मागच्या बाकावर चिठ्ठी सरकवावी, अगदी तसं! आणि एकाच चिठ्ठीवर चार-पाच प्रश्नांची उत्तरं असतात. एका प्लाझमिडवर चार-पाच प्रकारच्या औषधांना निकामी करणारी जनुकं एकत्र बसलेली असतात. त्यामुळे त्यातलं कुठलंही एक औषध वापरलं की टिकतो तो चिठ्ठीवालाच, आणि तो बाकीच्या औषधांनाही निर्ढावलेला असतो.

आता सांगा, अशा चिठ्ठ्या फिरवायला सगळ्यात सोयीची जागा कोणती? जिथे दिवसरात्र भारी औषधं चालू आहेत, म्हणजे साधे जंतू मरतात आणि निर्ढावलेल्यांना मोकळं रान मिळतं. जिथे माणसं आधीच खंगलेली आहेत. जिथे लघवीची नळी, सलाईनची सुई, व्हेंटिलेटरची नळी असे शरीरात शिरायचे आयते रस्ते आहेत, आणि त्या नळ्यांच्या आतल्या बाजूला जंतू चिकट थर करून राहतात, जिथे औषध नीट पोचतच नाही. जिथे असिनेटोबॅक्टरसारखा जंतू कोरड्या रेलिंगवर, टेबलावर, मॉनिटरच्या बटणावर काही आठवडे तग धरतो. आणि जिथे एकच हात या खाटेवरून त्या खाटेवर जातो. ही जागा म्हणजे आयसीयू. आखाडा बाळापूरचं शेत नव्हे.

अजून एक साधी गोष्ट. मेरोपेनेम हे या वादातलं फार महत्त्वाचं औषध. ते शिरेतून द्यावं लागतं. बांधावर बसून ते कोणी घेतं का? ते दवाखान्यातच दिलं जातं, डॉक्टरच्या सहीने. आयसीएमआर दरवर्षी देशातल्या मोठ्या रुग्णालयांतल्या जंतूंचा अहवाल काढते. त्यात क्लेब्सिएलाचे शंभरपैकी सुमारे ५८ नमुने २०१७ मध्ये इमिपेनेम या मेरोपेनेमच्या भावंडाला दाद देत होते. २०२३ मध्ये हा आकडा सुमारे ३६ वर आला. सहा वर्षांत! ही घसरण शेतकऱ्याने तिसऱ्या दिवशी सोडलेल्या गोळीच्या माथी मारता येईल का?

आणि नवजात बाळांचं काय? दिल्लीतल्या तीन मोठ्या रुग्णालयांत २०११ ते २०१४ या काळात झालेला एक अभ्यास २०१६ मध्ये प्रसिद्ध झाला. बाळांच्या इन्फेक्शनमध्ये सगळ्यात जास्त सापडला असिनेटोबॅक्टर, आणि त्याचे शंभरातले ८२ नमुने अनेक औषधांना न जुमानणारे होते. जवळजवळ दोन तृतीयांश बाळांना इन्फेक्शन जन्मानंतरच्या पहिल्या ७२ तासांत झालं होतं. तीन दिवसांच्या बाळाने कोणता कोर्स अर्धवट सोडला, हे मला कोणीतरी सांगावं.

इथे एक आक्षेप येईल आणि तो योग्य आहे. असे जंतू आता दवाखान्याबाहेरही आहेत. धडधाकट माणसांच्या आतड्यात आहेत. २०११ मध्ये दिल्लीच्या नळाच्या ५० नमुन्यांपैकी दोनमध्ये आणि साचलेल्या पाण्याच्या १७१ नमुन्यांपैकी ५१ मध्ये एनडीएम-१ हे जनुक सापडलं होतं. मामांनीही तो क्लेब्सिएला आपल्याच पोटात नेला असेल, कोण सांगणार? मान्य. पण पोटात निवांत बसलेला जंतू रक्तात गेला कसा? नळीतून, जखमेतून किंवा हातावरून. तो रस्ता दवाखान्यातला आहे, आणि रस्त्याची राखण दवाखान्याचं काम आहे. शिवाय दवाखान्याचं सांडपाणी कुठे जातं, हेही एकदा विचारून बघा.

या एनडीएम-१ ची गोष्ट तर प्रत्येक मराठी माणसाला माहीत हवी. हे जनुक मेरोपेनेमच्या कुळालाही तोडणारं विकर बनवतं. दिल्लीत उपचार घेऊन गेलेल्या, भारतीय वंशाच्या एका स्वीडिश रुग्णाच्या जंतूत ते पहिल्यांदा सापडलं, म्हणून नावात न्यू दिल्ली आलं. ऑगस्ट २०१० मध्ये लॅन्सेटच्या संसर्गरोगांच्या नियतकालिकात त्याच्या प्रसारावर लेख आला आणि आपल्याकडे गदारोळ झाला. संसदेत आवाज उठला. हा मेडिकल टुरिझम बुडवायचा डाव आहे, राजधानीचं नाव का दिलं, नाव बदला!

पण त्याच्या पाच महिने आधी, मार्च २०१० मध्ये, मुंबईच्या हिंदुजा रुग्णालयातल्या डॉक्टरांनी आपल्याच देशातल्या डॉक्टरांच्या नियतकालिकात, म्हणजे ‘जापी’मध्ये, साधा हिशेब छापला होता. कार्बापेनेमला न जुमानणारे २४ जंतू तपासले, त्यातल्या २२ मध्ये एनडीएम-१ सापडलं. आपली माणसं, आपलं शहर, आपलं मासिक. त्यावर कोणी आवाज उठवला नाही. आवाज उठला तो नावासाठी, अब्रूसाठी. मामांच्या दाखल्यावरचं ते हृदय थांबणं मला याच जातीचं वाटतं. जंतूचं नाव कागदावर येऊ द्यायचं नाही, म्हणजे अब्रू शाबूत.

घराजवळचं उदाहरण घ्या. सप्टेंबर संपून ऑक्टोबर २०२३ सुरू होताना नांदेडच्या विष्णुपुरीतल्या शासकीय रुग्णालयात २४ तासांत २४ माणसं गेली, त्यात १२ नवजात बाळं होती. हिंगोलीची कितीतरी माणसं याच रुग्णालयात रेफर होतात. ती बाळं निर्ढावलेल्या जंतूंनीच गेली असं मी म्हणत नाहीये, तसा माझ्याकडे पुरावा नाही. चर्चा झाली ती औषधांच्या तुटवड्याची, अपुऱ्या माणसांची, खाटांपेक्षा जास्त रुग्णांची. तीही व्हायलाच हवी होती. पण सगळ्यांच्या लक्षात राहिलं काय? तर आपले, हिंगोलीचे तेव्हाचे खासदार हेमंत पाटील तिथे गेले आणि त्यांनी प्रभारी अधिष्ठात्यांना हातात झाडू देऊन संडास धुवायला लावला. कॅमेऱ्यासमोर! पुढे त्यावरून गुन्हा दाखल झाला. संडास स्वच्छ हवाच, वाद नाही. पण ज्याच्या हाती सत्ता आहे त्याने विचारायचे प्रश्न वेगळे होते. बाळांच्या वॉर्डात हात धुवायचे बेसिन किती? एका सिस्टरकडे बाळं किती? गेल्या सहा महिन्यांत बाळांच्या रक्तात कोणते जंतू सापडले आणि ते कोणत्या औषधाला दाद देतात? या प्रश्नांचे फोटो चांगले येत नाहीत, ही त्यांची अडचण.

‘आपल्या भागात हे होणार नाही, लोकच अडाणी’ असं म्हणणाऱ्यांनी गडचिरोली आठवावी. डॉ. अभय आणि डॉ. राणी बंग यांच्या ‘सर्च’ने १९९० च्या दशकात तिथल्या ३९ गावांत थोडंफार शिकलेल्या गावातल्याच बायकांना तयार केलं. त्या घरोघर जायच्या, प्रत्येक जन्माची आणि मृत्यूची नोंद ठेवायच्या, बाळाला इन्फेक्शन झालंय का ते ठरलेल्या खुणांवरून ओळखायच्या आणि साधी, स्वस्त औषधं द्यायच्या, जेंटामायसिनचं इंजेक्शन आणि कोट्रायमॉक्सॅझोल. तिसऱ्या वर्षी नवजात बाळांचे मृत्यू तुलनेच्या गावांपेक्षा ६२ टक्क्यांनी कमी झाले. १९९९ मध्ये लॅन्सेटने ते छापलं. ज्यांना आपण अडाणी म्हणतो त्यांनी मोजलं, वहीत लिहिलं आणि साध्या औषधांवर बाळं वाचवली. मग बारावी-नीट-एमबीबीएस-एमडी झालेल्यांच्या वातानुकूलित आयसीयूला एवढी वही ठेवणं का जड जावं?

डॉक्टरांची बाजूही सांगतो, नाहीतर घरातले दोन डॉक्टर माझ्याशी बोलायचे नाहीत. कल्चरचा रिपोर्ट यायला दोन-तीन दिवस लागतात, तोवर थांबलं तर रोगी जातो. बरोबर. मग भारी औषध सुरू करा, पण पहिला डोस देण्याआधी रक्त कल्चरला घ्या. नवव्या दिवशी नव्हे! आणि रिपोर्टमध्ये साधं औषध चालतंय असं आलं तर खाली उतरा. ‘हायर’ची शिडी चढता येते तशी उतरताही येते. नातेवाईकच म्हणतात भारी इंजेक्शन द्या. हेही बरोबर, आपण म्हणतो. एका सिस्टरकडे तीस पेशंट असताना ती प्रत्येक वेळी हात कसे धुणार? हा खरा प्रश्न आहे आणि त्याचं उत्तर सिस्टरने नाही, पदं न भरणाऱ्यांनी आणि पगारात काटकसर करणाऱ्या मालकांनी द्यायचंय. पण १८४७ साली व्हिएन्नात सेमेलवाइसने डॉक्टरांना हात धुवायला लावून बाळंतिणींचे मृत्यू खाली आणले, तेव्हा जंतू ही गोष्ट कोणाला नीट माहीतही नव्हती. आपल्याला सगळं माहीत आहे.

तर मागणी काय? एकच. अँटिबायोग्राम. म्हणजे एखाद्या दवाखान्यात वर्षभरात कोणते जंतू सापडले आणि शंभरातले किती कोणत्या औषधाला दाद देतात, त्याचा एका पानाचा तक्ता. यात रोग्याचं नाव नसतं, डॉक्टरचं नसतं, कुणाची बदनामी नसते. पण तो हाती असला की डॉक्टर पहिलं औषध अंदाजाने निवडत नाही, आणि मागच्या वर्षीपेक्षा आकडे बिघडले तर ते लपत नाही. केरळने २०१८ मध्ये या प्रश्नावर स्वतःचा राज्य आराखडा केला आणि पुढे राज्याचा अँटिबायोग्राम प्रसिद्ध केला. केरळची अब्रू गेली नाही.

आणि हिंगोलीला आता सबब उरलेली नाही. ऑक्टोबर २०२४ मध्ये महाराष्ट्रात ज्या दहा नव्या शासकीय वैद्यकीय महाविद्यालयांचं उद्घाटन झालं, त्यात एक हिंगोलीचं आहे, १०० जागांचं. वैद्यकीय महाविद्यालय म्हटलं की मायक्रोबायॉलॉजीचा विभाग आलाच. त्या विभागाने जिल्ह्यातल्या सरकारी आणि खाजगी दवाखान्यांचे नमुने तपासावेत आणि वर्षाला एक पान छापावं. बाहेर फलकावर लावावं, मराठीत. ज्या जिल्ह्यात औंढा नागनाथजवळ दुधाळ्याला २६०० कोटी खर्चून लायगो उभी राहतेय, अब्जावधी वर्षांपूर्वी दोन कृष्णविवरं आदळली त्याची थरथर टिपायला, त्या जिल्ह्याला आपल्याच वॉर्डातल्या खाटेवर कोण बसलंय ते कळायला काय हरकत आहे? लायगो हवीच, मला तिचा अभिमान आहे. पण हेही हवं, आणि हे त्या मानाने फुकटात होतं.

तोवर आपण नातेवाइकांनी काय करायचं? घरातलं कुणी ॲडमिट असेल तर चार गोष्टी विचारायच्या, नम्रपणे पण रोज. औषध बदलण्याआधी कल्चर पाठवलं का? रिपोर्ट आला का, आणि त्याची प्रत द्याल का? ही नळी आजही लागणार आहे का, की काढता येईल? आणि साहेब, हात धुतले का? शेवटचा प्रश्न विचारताना जीभ अडखळते, मला माहीत आहे. डॉक्टरला असं कसं विचारायचं! तरी विचारायचं. भेटायला जाताना आपणही हात धुवायचे, आणि दहा-दहा जणांनी खाटेभोवती बसायचं नाही. हे आपल्याला लागू आहे, विशेषतः आपल्या खानदानाला.

आणि मृत्यूच्या दाखल्यावर नुसतं हृदय थांबलं असं लिहिलेलं दिसलं, तर सही करण्याआधी विचारायचं, कशामुळे थांबलं? जंतूचं नाव माहीत असेल तर तेही लिहा. त्याने गेलेलं माणूस परत येत नाही. पण सरकारच्या मोजणीत ते एक माणूस त्या जंतूच्या खात्यावर जमा होतं. २०१९ या एका वर्षात जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसं थेट अशा निर्ढावलेल्या जंतूंमुळे गेली, असा अंदाज २०२२ मध्ये लॅन्सेटने छापला. आपल्याकडच्या दाखल्यांवर जंतूचं नाव नसेल, तर आपली माणसं या हिशेबात नीट मोजली तरी जातील का?

नांदेड, परभणी, हिंगोली, वाशीमकडचे लिहिणारे मित्र हे वाचत असतील, तर एवढं करा. आपापल्या जिल्ह्याच्या रुग्णालयाला माहितीच्या अधिकारात दहा रुपयांचा अर्ज टाका आणि गेल्या वर्षीचा अँटिबायोग्राम मागा. मिळाला तर आकडे लिहा. ‘तयार केलेला नाही’ असं उत्तर आलं, तर ते उत्तर जसंच्या तसं लिहा. मी हिंगोलीचा अर्ज या आठवड्यात टाकतोय. उत्तर आलं की इथे टाकीनच.